एकोणीस बाळंतपणांचा दाखला

कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एका आयात कंपनीत मी हेडक्लार्क आहे. येत्या मार्चमध्ये निवृत्त होऊन गावी जाईन. नोकरीखेरीज कुवेतातल्या आमच्या कोकणी मुसलमानांच्या जमातीचं चिटणीसपद गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मुंबईला बी.कॉम. झालेला आणि घरी टाइपरायटर असलेला असा त्या वेळी मी एकटाच होतो, म्हणून ते माझ्याकडे आलं. जन्माचा, लग्नाचा, चालचलणुकीचा, कसलाही दाखला हवा असला की लोक माझ्याकडे येतात. मी टाइप करतो, सही करतो, जमातीचा शिक्का मारतो. जे स्वतःला ठाऊक नाही ते लिहायचं नाही, हा माझा नियम. या नियमामुळे एका मुलीचं डॉक्टर होणं अडलं होतं. तिच्याविषयी हे लिहीत आहे.

बदरुद्दीन दळवी बंदरातल्या टगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. दाभोळच्या खाडीकाठचा, माझ्या शेजारच्या गावचा. १९५५ साली त्याने बायको आमिना आणि आठ वर्षांची मुलगी खतिजा यांना बोटीने इकडे आणलं. तेव्हा शर्कमध्ये आमच्या लोकांची बायकामुलांसह राहणारी तेरा घरं होती. जुनी मातीची घरं, मधल्या अंगणाभोवती दोन-तीन बिऱ्हाडं. अंगणाला इथे हौश म्हणतात. आमच्या बायका तेवढा एक शब्द लवकर शिकल्या, बाकी अरबीशी त्यांनी फारसा संबंध ठेवला नाही. खतिजा मात्र शेजारच्या मुलींबरोबर खेळून वर्षभरात अशी बोलू लागली की पाण्याची गाडी घेऊन येणारा माणूस तिला इथलीच समजायचा. इंडियन शाळेत ती इंग्रजी शिकली, घरी कोकणी बोलली आणि हौशात अरबी.

आमच्या बायकांना इस्पितळाची भीती. पुरुष डॉक्टर असेल तर काय, ही एक भीती, आणि तिथे आपली भाषा कुणाला कळणार नाही, ही त्याहून मोठी. म्हणून बाळंतपणं घरीच व्हायची. त्यासाठी उम्म यूसुफ यायची. उम्म यूसुफ म्हणजे यूसुफची आई. पॅलेस्टाईनहून घरदार सोडून आलेली, रीतसर शिकलेली दाई. हात फार चांगला, पण आवाज मोठा आणि स्वभाव तापट. ती अरबीत ओरडायची, बाळंतीण कोकणीत रडायची, आणि कुणाचं कुणाला कळायचं नाही. १९५९ मध्ये आमिनाने यावर तोड काढली. बारा वर्षांच्या खतिजाला तिने बाळंतिणीच्या खोलीच्या पडद्याबाहेर उभं केलं. आतून अरबी आली की तिने बाहेरून कोकणीत सांगायचं. आमच्याकडे अविवाहित मुलीला बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, त्यामुळे पडदा मध्ये हवाच.

१९६२ साली माझा तिसरा मुलगा झाला तेव्हा मी हौशात खाटेवर बसलो होतो. तिथून पडदा दिसत नव्हता. सकाळची नऊची वेळ. आत उम्म यूसुफ "शद्दी, शद्दी!" म्हणून गरजत होती आणि लगेच खतिजाचा आवाज येत होता, "चाची, जोर काढा! आता सोडा. श्वास घ्या, लांब घ्या." पंधरा वर्षांच्या मुलीचा तो स्थिर आवाज ऐकून मलाच धीर आला. तिच्याविषयी मला प्रत्यक्ष ठाऊक होतं ते एवढंच.

मॅट्रिकनंतर ती मुंबईला मुलींच्या वसतिगृहात राहून इंटर सायन्स झाली. मार्क बरे होते, पण सरकारी मेडिकल कॉलेजला पुरे पडणार नव्हते. दक्षिणेतलं एक मिशनचं कॉलेज काही जागा मुलाखतीने भरत असे. मार्कांबरोबर उमेदवाराने रुग्णांची काही सेवा केली आहे का, हेही ते पाहत. १९६६ च्या एप्रिलमध्ये खतिजाने तिथे अर्ज केला. सेवेच्या रकान्यात तिने लिहिलं, "कुवेत येथे १९६१ ते १९६४, प्रसूतीच्या वेळी दाईस साहाय्य." त्याला आधार म्हणून जबाबदार व्यक्तीचा दाखला हवा होता. उम्म यूसुफ दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे दक्षिण अमेरिकेत निघून गेली होती, पत्ता कुणाकडे नव्हता. तेव्हा बदरुद्दीन माझ्याकडे आला. मी इंग्रजीत व्यवस्थित दाखला लिहिला : ही मुलगी सुशील असून १९५९ पासून बाळंतपणाच्या वेळी पडद्याबाहेर उभी राहून दुभाष्याचं काम उत्तम रीतीने करीत असे. खतिजा तेव्हा मुंबईतच होती, दाखला मी परस्पर कॉलेजला पाठवला. तिने अर्जात काय लिहिलं आहे ते मी विचारलं नाही, आणि मी दाखल्यात काय लिहिलं ते तिला कळलं नाही.

जूनच्या दोन तारखेला कॉलेजचं पत्र आलं. खतिजा सुटीत इकडे आली होती, तीच ते घेऊन आली, मागोमाग बदरुद्दीन.

"चाचा, वाचा," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

पत्र चार ओळींचं होतं. उमेदवाराचं म्हणणं आणि चिटणिसांचा दाखला जुळत नाही. उमेदवाराने रुग्णसेवेत प्रत्यक्ष भाग घेतला, की ती खोलीबाहेर केवळ दुभाषी होती? प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तींचं सहीनिशी निवेदन तीस जूनच्या आत मिळावं, न मिळाल्यास अर्ज रद्द समजला जाईल.

"मी आत होते, चाचा," खतिजा म्हणाली. "एकसष्टपासून आतच होते. उम्म यूसुफनं एक दिवस पडद्यातून हात काढला, माझं मनगट धरलं नि आत ओढलं. मी लिहिलंय त्यात एक अक्षर खोटं नाय."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुमी विचारलं नाय, नि मला बोलायची बंदी हुती."

आता थांबणं बदरुद्दीनला जमण्यासारखं नव्हतं. "आता चर्चा कसली? दुसरा दाखला लिही. पहिला चुकला म्हण."

"मी पाहिलेलं नाही, बदरू. तू पाहिलंस?"

"मी टगवर होतो! माझी पोर बोलते ते खरं बोलते."

"ती खरं बोलते असं मलाही वाटतं. वाटतं, असा दाखला नसतो."

"वा! शिक्का याच्या खिशात नि नशीब माझ्या पोरीचं!" त्याने हात झटकले. "देवाच्या दारातपण तू आधी रुजवात मागशील."

"बाबा, चाचा बरोबर बोलतात," खतिजा म्हणाली. "आता तुमी दुसरा दिलात नि तोपण ऐकीव, तर ते म्हणतील, दोघंही खोटे. पाहिलं त्यांच्याकडूनच यायला हवं." मग माझ्याकडे वळून, "आत बायका होत्या. त्यांना विचारा."

हे मला पटलं. ज्यांची बाळंतपणं त्या चार वर्षांत झाली अशा बायकांची यादी मी केली. तेरा घरांपैकी काही जुनी घरं पाडल्यामुळे पांगली होती, तरी नऊजणी सापडल्या. रोज कचेरी सुटल्यावर मी आणि माझी बायको शहरबानू निघायचो. जूनच्या उन्हात दुपारी बाहेर पडणं म्हणजे तंदूरच्या तोंडाशी उभं राहणं, पण दिवस थोडे होते. मी बाहेरच्या खोलीत कागद घेऊन बसायचो, शहरबानू आत जाऊन विचारायची आणि उत्तर मला ऐकू यायचं.

पहिल्या घरी उत्तर आलं, "पोर पडद्याबाहेर होती."

दुसऱ्या घरी, "पोर पडद्याबाहेर होती." तिसऱ्या घरी मुमताज हसून म्हणाली, "पोर पडद्याबाहेर होती. शरबत घेता?"

पाच दिवसांत नऊ घरं झाली. नवव्या घरानंतर मी आमिनाकडे गेलो. निदान आई तरी खरं सांगेल. आमिना चौकटीत उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "भावोजी, पोर पडद्याबाहेर होती." मागे खतिजा उभी होती. तिचा चेहरा उतरला, आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ही मुलगी आपल्याला फसवत तर नसेल? हा विचार मी इथे लिहितो, कारण तो आला होता.

घरी येऊन मी कागद टेबलावर ठेवला आणि शहरबानूला म्हटलं, "उद्या कॉलेजला लिहून टाकतो. माझा दाखला बरोबर होता."

ती भात उपसत होती. डाव तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"नऊजणी एकच वाक्य बोलल्या. एकीचा शब्द मागंपुढं झाला नाय. नि तुमाला नवल वाटलं नाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते ठरलेलं हाय. कुवाऱ्या पोरीला आत घेतली हे गावाला कळलं तर तिला कोण करून नेईल? म्हणून आमी समद्यांनी शपथ घेतली, कुणी विचारलं तर हेच बोलायचं. पोरीच्या भल्यासाठी."

"आमच्या वेळी... आपला धाकटा झाला तेव्हा?"

"आत होती. माझी पाठ चोळत होती. नाळ कापताना कात्री तिनं दिली."

"आणि चार वर्षांत तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमी विचारलंत कधी? बाळंत मी झाले. तुमी खाटेवर बसून बिड्या ओढत होता."

मी म्हटलं, मग तू तरी लिहून दे. ती म्हणाली, शपथ एकटीने मोडता येत नाही. जिने घातली तिनेच उठवायला हवी. आणि ती फखरुन्निसा.

फखरुन्निसा खाला आमच्या बायकांत वयाने आणि अधिकाराने मोठी. तीन सुना, सात नातवंडं. लग्न कुणाचं कुणाशी जुळेल हे आधी तिला कळायचं. दुसऱ्या दिवशी मी, शहरबानू आणि खतिजा तिच्याकडे गेलो. माझ्याशी ती पडदा करीत नसे, मी तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. ती तांदूळ निवडत बसली होती. मी पत्राची हकीकत सांगितली. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"महबूब, तू पुरुषमाणूस. या भानगडीत पडू नको."

"खाला, पडलोच आहे. माझ्याच दाखल्यानं हे झालं."

"मग तूच निस्तर. इथं शिंक आली तर तिथं गावात काढा करतात. दाभोळपासून बाणकोटापर्यंत पत्रं जातात. बाणकोटचं एक घर हिच्यासाठी विचारतंय, ठाऊक हाय तुला? तुझं इंग्लिश कॉलेज उद्या हिला नवरा आणून देणार हाय?"

खतिजा पुढे आली आणि सुपाशेजारी जमिनीवर बसली.

"खाला, तुमी माझ्यासाठीच केलंत. मी पण चार वर्षं कुणाला बोलले नाय. पण आता त्या कागदावर मी खोटी ठरतेय. बाणकोटवाल्यांना आत गेलेली पोर नको असेल, तर मलापण तो नवरा नको."

"तोंड बघा हिचं! नि डॉक्टर नाय झालीस तर? नवरापण गेला नि कॉलेजपण गेलं?"

"तर मी परत येऊन तुमच्याच सुनेच्या बाळंतपणाला उभी राहीन."

"आता तिसरीचीच बाकी हाय," फखरुन्निसा म्हणाली. हे सहज तोंडून गेलं असावं. तिच्या हातातले तांदूळ थांबले. मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "जुम्म्याला दुपारी समद्या बायका माझ्याकडे. महबूब, तू मशीन घेऊन ये. नि पोरी, तू येऊ नको. तुझ्यासमोर तुझी तारीफ नाय करणार."

"नवऱ्यांना विचारावं लागेल," शहरबानू म्हणाली.

"कशाला? त्यांनी तेव्हा काय पाहिलं होतं?"

शुक्रवारी नमाजानंतर मी टाइपरायटर घेऊन गेलो. मला बाहेरच्या खोलीत स्टूल दिलं, बायका आत बसल्या, मध्ये पडदा सोडला. आतून बायका सांगायच्या, शहरबानू एकेकीची पाळी लावायची, आणि मी बाहेर बसून कोकणीचं इंग्रजी करून टाइप करायचो. पहिला आवाज फखरुन्निसाचा आला.

"पहिलं बाळंतपण मुमताजचं. लिही. पोर आत आली, रक्त पाहिलं नि भोवळ येऊन पडली. बाळंतीण राहिली बाजूला, आमी हिच्या तोंडावर पाणी मारत बसलो."

आत हशा पिकला. मी टाइप थांबवलं. "खाला, हे नको. याचा उलटा परिणाम होईल."

"खरं लिहायचं ना तुला? मग समदं लिही. नायतर मी उठले."

मी लिहिलं. त्यानंतर जो बांध फुटला तो तीन तास वाहत होता. कात्री आणि दोरा उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा ते खतिजा घड्याळ लावून पाहायची. एकदा ते पाणी नुसतं कोमट आहे म्हणून तिने उम्म यूसुफलाच थांबवलं होतं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एका बाईला बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तेव्हा इस्पितळात न्यायला तिचा नवरा तयार होईना. खतिजाने पडद्यातून तोंड बाहेर काढून त्याला सांगितलं, "चाचा, गाडी आणा, वाद मागाहून घाला." ती इस्पितळातही बरोबर गेली आणि डॉक्टरचं बोलणं कोकणीत सांगत रात्रीपर्यंत थांबली. फखरुन्निसाच्या मधल्या सुनेच्या वेळी मूल रडेना, आणि दाई आईत गुंतलेली. खतिजाने मुलाचं तोंड पुसलं आणि दाईने शिकवल्याप्रमाणे त्याला कुशीवर धरून ती पाठ चोळत राहिली.

"नि मग रडला," फखरुन्निसा म्हणाली. "पाच वर्षं झाली, अजून थांबला नाय. माझं डोकं खातो रोज."

सगळी मिळून एकोणीस बाळंतपणं निघाली. दोन वेळा काय झालं ते कुणाला नीट आठवेना, तिथे मी तसं लिहिलं. शेवटी एक आवाज राहिला होता. आमिनाचा. ती म्हणाली, "माझा धाकटा झाला तेव्हापण ती आत हुती. माझीच पोर, माझ्या बाळंतपणाला. मला लाज वाटली, नि बरंपण वाटलं." हे मी इंग्रजीत कसं लिहिलं ते आता आठवत नाही.

सह्यांची वेळ आली. मी कागद आणि शाईची डबी पडद्याखालून आत सरकवली. पहिला अंगठा फखरुन्निसाचा. तिघींनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे. आपलं नाव कागदावर परक्या माणसांकडे जाणार, हे त्यांतल्या कितीतरी जणींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. प्रत्येकीचं पूर्ण नाव मी पुन्हा विचारून घेतलं. खाली माझा परिच्छेद जोडला : माझा आधीचा दाखला मी अंगणात बसून जे ऐकलं त्यावर आधारलेला होता, आत काय चाललं होतं हे मी विचारलं नव्हतं, म्हणून तो अपुरा होता. शिक्का मारला. पाकीट दुसऱ्या दिवशी विमानाने गेलं.

बाणकोटच्या घराकडून पुढे पत्र आलं नाही. फखरुन्निसाचं म्हणणं खरं ठरलं. आमिना दोन दिवस रडली. खतिजाने आईसमोर काही दाखवलं नाही, पण एकदा ती मला म्हणाली, "चाचा, कॉलेजचंपण नाय आलं तर मी काय करू?" मी तिला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, आता कागद तर पक्के आहेत.

जुलैच्या चौदा तारखेला मुलाखतीची तार आली. बदरुद्दीनने ती टगवरच्या सगळ्यांना वाचून दाखवली, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही. मुलाखतीहून खतिजाने मला सविस्तर पत्र लिहिलं. समितीत एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आमचं निवेदन समोर ठेवून एकच विषय काढला. भोवळ आल्यावर दुसऱ्यांदा आत का गेलीस? खतिजाने सांगितलं, "दुसऱ्या बाईलाही अरबी येत नव्हती." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. ऑगस्टमध्ये यादी लागली, तीत तिचं नाव खालून चौथं होतं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. शरीरशास्त्रात एकदा नापास होऊन पुन्हा बसली, हेही तिने लपवलं नाही. गेल्या वर्षी सुटीत ती आली तेव्हा मी काही कामासाठी बदरुद्दीनकडे गेलो होतो. आमिनाच्या खोलीबाहेर हौशात बायका ओळीने बसल्या होत्या, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला चक्कर येते. खतिजा परोपरीने सांगत होती की मी अजून डॉक्टर नाही, औषध देऊ शकत नाही, इस्पितळात चला, मी बरोबर येते. कुणी हलत नव्हतं.

तेवढ्यात फखरुन्निसा काठी टेकत आली. "लाज नाय तुमाला? पोर सुटीवर आलीय. अजून परीक्षा व्हायच्या हायत तिच्या. उठा!"

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. फखरुन्निसाने पुढे होऊन पहिल्या मोकळ्या जागेवर बूड टेकलं, बाही वर केली आणि हात खतिजापुढे धरला.

"माझी नाडी बघ आधी. मग यांना इस्पितळात ने."